कोयनाचा रिपोर्ट आणि आईचा रिपोर्ट

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर आमच्या घरात दोन पेशंट होते. एक आमची कोयना, नऊ वर्षांची देशी कुत्री, आणि दुसरी माझी आई, वय 71, डायबेटिस आहे. दोघींचं दुखणं एकच, युरिन इन्फेक्शन. दोघींच्या रिपोर्टवर जंतूचं नावही एकच होतं आणि लागू न पडणाऱ्या औषधांची यादीही जवळजवळ तीच. मी डॉक्टर नाही, पुण्यात अकाउंट्सचं काम करते. पण या चार महिन्यांत जे शिकले ते लिहून ठेवायचंय, कारण यातलं निम्मं जरी मला आधी माहिती असतं तर आई हॉस्पिटलात गेलीच नसती असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कोयनापासून झाली. जूनमध्ये पावसाच्या पहिल्या आठवड्यात ती अचानक घरात शू करायला लागली, नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं तिने असं. आधी वाटलं पावसाला घाबरून बाहेर जात नाहीये. मग लक्षात आलं की बाहेर नेलं तरी दर दहा पावलांवर बसतेय आणि चार थेंबच येतायत, आणि एकदा फरशी पुसताना फडक्यावर गुलाबीसर डाग दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जवळच्या व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पोट दाबून बघितलं, युरिन इन्फेक्शन म्हणाले आणि पाच दिवस एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक दिलं. लघवी तपासली नाही. मीही विचारलं नाही, कारण तपासायची असते हेच माहिती नव्हतं. तिसऱ्या दिवशी बरी झाली, आम्ही खूश, आणि कोर्स संपल्यावर आठवड्यात परत तेच सुरू. मग दुसरी गोळी, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ती सात दिवस. या वेळी दोन दिवस थोडं बरं वाटलं आणि कोर्स चालू असतानाच परत रक्त.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या मधल्या आठवड्यात, रविवार होता, व्हेट बंद, कोयना रात्रभर कण्हत होती आणि मी घरातल्या औषधांच्या ड्रॉवरमधून आईची उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची अर्धी स्ट्रिप काढून तिला दोन वेळा अर्धी अर्धी गोळी दिली. अंदाजाने. गुगलवर कुठेतरी वाचलं होतं की कुत्र्यांना पण देतात. हे मी नंतरच्या व्हेटना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की एन्रोफ्लॉक्सासिन कुत्र्याच्या शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो, म्हणजे जे औषध हरलं होतं त्याचंच भावंड तुम्ही परत दिलंत, आणि तेही अपुरं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तर या दुसऱ्या व्हेट. एका मैत्रिणीने नाव सुचवलं. त्यांनी आधीचे सगळे कागद शांतपणे वाचले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या गोळ्या बंद. चार दिवस कुठलंही अँटिबायोटिक नाही, फक्त दुखणं कमी करायचं औषध, आणि मग कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये प्लेटवर उगवून बघायची तपासणी. मी म्हटलं अहो मॅडम, तिला त्रास होतोय आणि तुम्ही औषध बंद करताय? त्या म्हणाल्या, गोळी पोटात असताना लघवी घेतली तर जंतू प्लेटवर उगवतच नाही आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

सॅम्पल घ्यायची पद्धत मी पहिल्यांदाच बघितली. कुत्र्याची शू वाटीत धरून नेली तर त्यात बाहेरच्या केसांवरचे, कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून कल्चरसाठी पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातून लघवी काढतात, त्याला सिस्टोसेंटेसिस म्हणतात. ऐकूनच मला घाम फुटला. प्रत्यक्षात काय झालं, कोयनाला आडवं केलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, सोनोग्राफीच्या स्क्रीनवर मूत्राशय काळ्या फुग्यासारखं दिसत होतं, बारीक सुई गेली, सिरिंजमध्ये पिवळं पाणी आलं, झालं. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. ती हललीही नाही. सोनोग्राफीत खडा नव्हता, भिंत थोडी जाड झालेली. मग ते सॅम्पल द्यायला मी नेहमीच्या लॅबमध्ये गेले तर त्यांनी जनावरांचं घेत नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी व्हेटनीच त्यांच्या ओळखीच्या लॅबला बर्फाच्या डब्यातून पाठवलं. लघवी तशीच बाहेर ठेवली तर त्यातले जंतू तासातासाला वाढत जातात आणि आकडा चुकतो, म्हणून एक तर दोन तासांत लॅबला पोचवायची नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची, हे तेव्हा कळलं.

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी जंतू उगवतो का ते बघतात, मग तोच जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती मोठं स्वच्छ रिंगण तयार होतं ते औषध जंतूला मारतंय आणि जिच्या अगदी कडेपर्यंत जंतू चिकटून वाढतो ते औषध गेलं. लॅबने व्हेटना प्लेटचा फोटो पाठवला होता. बहुतेक चकत्यांभोवती रिंगण नव्हतंच.

रिपोर्टवर लिहिलं होतं ई. कोलाय, एका मिलीलिटर लघवीत एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. खाली औषधांच्या नावापुढे आर आणि एस. आर म्हणजे रेझिस्टंट, एस म्हणजे सेन्सिटिव्ह. अँपिसिलिन आर, अमॉक्सि-क्लॅव्ह आर, सेफॅलेक्सिन आर, सेफपोडॉक्सिम आर, एन्रोफ्लॉक्सासिन आर, सिप्रो आर, डॉक्सी आर, कोट्रायमोक्साझोल आर. एस होते अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम. म्हणजे मी आणि आधीच्या डॉक्टरांनी मिळून जी जी औषधं दिली ती सगळी आरच्या रांगेत उभी होती.

ई. कोलाय हा जंतू आपल्या आणि कुत्र्यांच्या आतड्यात राहतोच, तिथे तो बहुतेक वेळा काही करत नाही. तिथून तो शेपटीखालून मूत्रमार्गात चढतो, आणि मादीचा मूत्रमार्ग आखूड असतो म्हणून कुत्रीला काय आणि बाईला काय, हा त्रास जास्त. ईएसबीएल म्हणजे तो जंतू असं एक एन्झाइम बनवतो जे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन घराण्यातली बहुतेक औषधं तोडून टाकतं. हे एन्झाइम कसं बनवायचं ती माहिती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर असते आणि जंतू तो तुकडा शेजारच्या जंतूला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. भिशीत एकीने लोणच्याच्या कृतीचा कागद आणला की महिन्याभरात सगळ्यांच्या घरी ते लोणचं होतं, तसं. आणि त्याच कागदावर बरेचदा इतर औषधांना चकवायच्या कृतीही लिहिलेल्या असतात, म्हणून ईएसबीएलवाला जंतू एकदम पाच-सहा औषधांना दाद देत नाही. आपण चुकीची गोळी देतो तेव्हा साधे जंतू मरतात आणि हे कागदवाले उरतात, जागा मोकळी मिळाली की तेच वाढतात. कोयनाच्या पोटात इतके दिवस मी हेच करत होते.

मला वाटलं आता सगळ्यात स्ट्राँग औषध द्या आणि संपवा एकदाचं. नवरा पण म्हणाला मेरोपेनेम एस आहे ना मग तेच घेऊ, खर्च होऊ दे. व्हेट मॅडमनी सरळ नाही म्हटलं. एस लिहिलंय याचा अर्थ ते वापरायचं असा होत नाही, मेरोपेनेम हे माणसांच्या आयसीयूत शेवटी शेवटी उपयोगी पडणारं औषध आहे, साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला, तेही दुसरं चालणारं औषध हातात असताना, मी ते कुत्र्याला देणार नाही. त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं. हे जुनं औषध आहे, 1950च्या दशकातलं, आणि महागही नाही. दिवसातून तीन वेळा, जेवणाबरोबरच, नाहीतर उलटी होते. पाच दिवस फक्त. मी विचारलं एवढेच दिवस? तर म्हणाल्या कुत्र्यांच्या साध्या सिस्टायटिसला, म्हणजे मूत्राशयाच्या इन्फेक्शनला, तीन ते पाच दिवस पुरतात असं 2019च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आलंय, आधी सगळे दोन-दोन आठवडे द्यायचे. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, असे अलार्म लावले. पनीरच्या तुकड्यात गोळी. शू गडद पिवळी, जवळजवळ चहासारखी झाली तेव्हा घाबरून फोन केला, ते औषधामुळेच होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी ती बिल्डिंगच्या गेटपाशी एकदाच बसली, आणि भरपूर, नीट धार लावून शू केली, आणि मी रस्त्यात उभी राहून रडले. आठवड्याने परत कल्चर केलं नाही, मॅडम म्हणाल्या लक्षणं गेली आहेत ना, मग रिपोर्टवर औषध करायचं नाही. हे वाक्य पुढे आईच्या वेळी फार उपयोगी पडलं.

आता आई. ऑगस्टच्या मध्यात म्हणाली लघवीला जळजळतंय, उन्हाळी लागली असेल. आमच्याकडे उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. ते दोन दिवस झालं. आणि मग मला न सांगता ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि नेहमीची गोळी घेऊन आली. नेहमीची म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन. मागच्या काही वर्षांत तिने किती वेळा अशी घेतली असेल मला माहिती नाही, चार गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की बाकीच्या ड्रॉवरमध्ये. त्याच ड्रॉवरमध्ये, जिथून मी कोयनाला सिप्रो दिली. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, एन्रोफ्लॉक्सासिन, तिन्ही एकाच घराण्यातली, नावाच्या शेपटाकडे बघितलं तरी कळतं, पण आम्हाला तेव्हा कोण सांगणार.

चौथ्या रात्री आईला थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, तीन पांघरुणं घातली तरी. उजव्या कुशीत पाठीमागे दुखत होतं, उलटी झाली, आणि पहाटे ती असंबद्ध बोलायला लागली, बाबांचं नाव घेऊन हाक मारत होती, बाबा जाऊन सहा वर्षं झालीत. हॉस्पिटलला नेलं. इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीत चढलं होतं. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर पाठवून लगेच सेफ्ट्रायाक्सोनचं, म्हणजे सेफॅलोस्पोरिन घराण्यातलं, इंजेक्शन सुरू केलं. बरोबरच होतं, अशा वेळी रिपोर्टसाठी तीन दिवस थांबता येत नाही. पण मी त्या रात्री बाकावर बसून कोयनाचा रिपोर्ट मोबाईलवर परत परत बघत होते आणि सकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा धीर करून म्हटलं, डॉक्टर, हसू नका, पण घरातल्या कुत्रीला जूनमध्ये ईएसबीएल ई. कोलाय निघाला होता. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि फोन हातात घेऊन पूर्ण रिपोर्ट वाचला. आई डायबेटिक, वारंवार गोळ्या घेतलेल्या, घरात हे असं, आणि ताप उतरत नव्हता, तर त्यांनी कल्चरची वाट न बघता त्याच संध्याकाळी औषध बदलून मेरोपेनेमच्याच घराण्यातलं एर्टापेनेम सुरू केलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ई. कोलाय, ईएसबीएल.

मी विचारलं की कोयनाला लागू पडलेली ती साधी गोळी आईला का नाही, रिपोर्टमध्ये एस आहे की. याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं पोचतच नाही. इन्फेक्शन मूत्राशयात आहे तोवर उत्तम, वर चढलं की निरुपयोगी. म्हणजे आई पहिल्या दिवशी जळजळत होतं तेव्हाच डॉक्टरकडे गेली असती आणि लघवी तपासली असती तर त्या साध्या गोळीत भागलं असतं. आता रोज शिरेतून एक इंजेक्शन, ज्या एकाची किंमत आईच्या महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांपेक्षा जास्त होती.

आईच्या रिपोर्टवर एस आणि आरच्या शेजारी आकडे होते, एमआयसी म्हणतात त्याला, जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं तो आकडा. नायट्रोफ्युरँटॉइन 16 आणि मेरोपेनेम 0.25. आम्ही घरी लगेच निष्कर्ष काढला की 0.25 लहान म्हणजे ते जास्त भारी. डॉक्टरांनी समजावलं की दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात, प्रत्येक औषधाची आपापली हद्द ठरलेली असते आणि आकडा त्या हद्दीच्या आत आहे की बाहेर एवढंच बघायचं. रिपोर्ट हातात आला की लोक स्वतःच औषध निवडतात म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

हॉस्पिटलच्या त्या रात्रींत मी खूप वाचलं. 2008 साली स्वीडनमध्ये एका पेशंटच्या लघवीत क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला जो मेरोपेनेमच्या घराण्यालाही दाद देत नव्हता, तो माणूस त्याआधी दिल्लीत ॲडमिट होता, आणि त्यात सापडलेल्या एन्झाइमला एनडीएम म्हणजे नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, त्यावरून पुढे आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नाव चूक की बरोबर ते असू दे, पण ती गोष्टही एका लघवीच्या कल्चरपासूनच सुरू झाली होती. आणि 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढलाय. शेजारच्या बेडवर आई झोपलेली असताना असा आकडा वाचणं वेगळं असतं.

कुणाकडून कुणाला आलं, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. लॅबच्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंना भेटले. त्या म्हणाल्या दोन्ही रिपोर्ट सारखे दिसतात म्हणून जंतू तोच असं म्हणता येत नाही, त्यासाठी दोन्ही जंतूंचे जीन्स वाचावे लागतात आणि कोयनाचा जंतू आता कुणाकडे जपून ठेवलेलाही नाही. पण एका घरातली माणसं आणि कुत्री यांच्यात तोच ई. कोलाय सापडल्याचं संशोधन आहे, आणि ते दोन्ही दिशांनी होऊ शकतं, कुत्र्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून कुत्र्याकडे. मग त्यांनी विचारलं कच्चं मांस देता का. देत होतो. रविवारी चिकन आणलं की माना आणि कलेजी कोयनाला कच्चीच, आणि ती खाऊन झाली की आईचा हात चाटायची, कारण आईच भरवायची. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या पोटात असे जंतू जास्त सापडतात म्हणे. कोयनाला घराबाहेर काढा वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत, फक्त मांस शिजवून द्या, तिची शू-शी साफ केल्यावर आणि तिला भरवल्यावर साबणाने हात धुवा, आणि तोंड चाटू देऊ नका. शेवटचं आईला पाळणं अवघड गेलं.

आई दहा दिवसांनी घरी आली, शेवटची तीन इंजेक्शनं नर्स घरी येऊन देऊन गेली. आल्यावर पहिलं काम मी ड्रॉवर रिकामा केला. सहा अर्धवट स्ट्रिप्स निघाल्या. प्रत्येकीवर उभी लाल रेघ. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, 2016 साली सरकारने त्याची जाहिरातही केली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ती रेघ त्या दिवशी बघितली. एक सेफिक्झिमची होती, ती तर शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतली, म्हणजे 1 मार्च 2014 पासून मेडिकलवाल्याने पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असा नियम आहे. आमचं नाव कुठल्याच वहीत नसणार. मेडिकलवाला वाईट माणूस नाही, आईला मावशी म्हणतो, रात्री-अपरात्री औषध आणून देतो, पण नियम मोडत होता तो आणि आम्ही दोघंही.

ऑक्टोबरमध्ये आईच्या शुगरच्या रुटीन तपासण्यांत कुणीतरी लघवीचं कल्चरही टाकलं आणि त्यात परत ई. कोलाय, एक लाख. माझे हातपाय गार पडले. भाऊ नागपूरहून फोनवर ओरडत होता की लगेच ॲडमिट करा. डॉक्टरांनी आईला विचारलं जळजळ? नाही. ताप? नाही. सारखं जावं लागतं? नेहमीसारखंच. म्हणाले मग औषध नाही. वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असू शकतात, गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन करायचं असेल तर वेगळं, नाहीतर त्याला औषध दिलं की फायदा काही नाही आणि उरलेसुरले साधे जंतू मरून हेच पक्के होतात. कोयनाच्या मॅडमनी सांगितलेलंच शब्दशः. भावाला पटवायला मला दोन दिवस लागले. त्याऐवजी डॉक्टरांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, पाळी गेलेल्या बायकांना वारंवार होणारं इन्फेक्शन त्याने कमी होतं. आईला त्याचा खूप संकोच वाटला, पहिले दोन आठवडे तिने ट्यूब उघडलीच नाही, मग माझ्या मावशीने तिला काय सांगितलं देव जाणे, आता नियमित लावते.

जानेवारीत तिला परत जळजळ झाली. या वेळी सकाळी सातला तिने मला उठवलं. निर्जंतुक डबी कपाटात आणून ठेवलेलीच होती, आधी पाण्याने स्वच्छ धुणं, पहिली धार सोडून मधली धार, झाकणाला आतून हात न लावता बंद, आणि साडेसातला मी लॅबच्या दारात. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट बघताना, जुना रिपोर्ट समोर ठेवून, फॉस्फोमायसिनचं एकच पाकीट लिहून दिलं, तीन ग्रॅम, पाण्यात विरघळवून रात्री झोपताना एकदाच. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली. मागितली हे महत्त्वाचं. आईने ते पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, संत्र्याच्या गोळीसारखं लागतंय. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, फॉस्फोमायसिन एस, आणि जळजळ तोवर थांबलेली होती.

कोयना जुलैपासून ठीक आहे. आई तिला आता शिजवलेली कलेजी देते, चमच्याने, आणि संध्याकाळी मी तिला फिरवून आणलं की दारातच विचारते, रंग कसा होता गं?